आधी अंग, मग हात: नागपूरच्या एका कबड्डी संघाची ज्युदो-कुस्तीची तालीम

सक्करदरा-नंदनवन भागातलं एक कबड्डी मंडळ. पुरुषांचा खुला गट, चौदा-पंधरा पोरं. कुणी बुटीबोरीला पाळीत काम करतो, कुणी कळमन्याच्या बाजारात पोती उचलतो, दोघं-तिघं कॉलेजात आहेत, एक पोलीस भरतीच्या मागे. सराव पहाटे साडेपाचला. उन्हाळ्यात आठ वाजले की नागपूरचं मैदान नुसतं उभं राहणाऱ्यालाही दमवतं. सामने दिवाळीनंतर सुरू होतात आणि जानेवारीत खासदार क्रीडा महोत्सवाच्या आसपास गर्दी होते. संघाला खेळ शिकवणारे सर वेगळे. माझ्याकडे फक्त शारीरिक तयारी.

मागचा हंगाम संपला तेव्हा मुख्य चढाईपटूचा उजवा खांदा एकदा निखळून बसवलेला होता, डाव्या कोपऱ्याचं (म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेला उभ्या राहणाऱ्या पकडणाऱ्याचं) मनगट प्लॅस्टरमध्ये होतं आणि एका कव्हरचं (कोपऱ्यांच्या आतल्या बाजूला उभ्या राहणाऱ्या पकडणाऱ्याचं) कॉलरबोन मोडलं होतं. तिघं तीन जागांवर खेळणारे, पण तिघांच्या दुखापतीची गोष्ट एकच. कुणालाही समोरच्याचा फटका लागला नव्हता. तिघंही पडले होते, आणि पडताना तिघांचाही हात शरीराच्या आधी जमिनीला लागला होता.

पडणारा माणूस हात पुढे करतोच, ती उपजत सवय आहे. तळवा टेकतो, कोपर ताठ असतं, आणि वरून येणारं वजन मनगट, कोपर, कॉलरबोन, खांदा या साखळीतला जो दुवा कच्चा असेल तो तोडतं. कबड्डीत हे वजन एकट्याचं नसतं. चढाईपटूच्या पाठीवर दोन-तीन पकडणारे असतात. खाली मॅट असते ती जेमतेम इंचभर जाडीची, आणि गल्लीतल्या स्पर्धांत बऱ्याचदा मातीच.

सरांना मात्र वेगळंच हवं होतं. त्यांच्या डोक्यात इराण होतं. 1990 मध्ये कबड्डी आशियाई खेळांत आली तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण भारताकडेच होतं. 2018 मध्ये जकार्तात उपांत्य फेरीत इराणने आपल्याला 27-18 असं हरवलं आणि ती रांग तुटली. इराणचा पकडणारा फझल अत्राचली कुस्तीतून कबड्डीत आलेला, ही गोष्ट प्रो कबड्डी पाहणाऱ्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असते. सरांचं म्हणणं सरळ होतं: ‘आपली पकड ढिली आहे. पोरांना आखाड्यात घाला.’

म्हणजे एकाच तालमीकडून दोन अपेक्षा होत्या. सरांना पकड हवी होती, मला पडणं. कुणाकडून काय घ्यायचं हे ठरवायलाच बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. ‘मार्शल आर्ट्स केलं की खेळाडू चपळ होतो’ इतक्या भाबड्या समजुतीवर पोरांची पहाट खर्ची घालता येत नाही.

आमच्याकडे हे काही नवं नाही म्हणा. नागपूरपासून दीडेकशे किलोमीटरवर अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. त्या काळच्या व्यायामशाळेत कुस्ती, मल्लखांब, लाठी आणि हुतुतू एकाच अंगणात चालायचं. एकाच पोराने सगळं करायचं, याला कुणी वेगळं नाव दिलं नव्हतं. वेगवेगळ्या खेळांच्या वेगवेगळ्या अकादम्या झाल्या आणि ती देवाणघेवाण थांबली.

निवड अशी झाली. कराटे आणि तायक्वांदो पहिल्याच बैठकीत बाद. त्यात पायाची चपळाई भरपूर, पण कबड्डीत समोरच्याला धरायचं आणि धरून एकत्र पडायचं असतं, ते त्यात नाही. उरले ज्युदो आणि कुस्ती. ज्युदोत शिक्षण सुरूच होतं पडण्यापासून. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान काढलं तेव्हापासून ‘उकेमी’, म्हणजे पडण्याची रीत, हा नवख्याचा पहिला धडा. पण आजचा ज्युदो पाय धरू देत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाने 2010 पासून पायाला थेट हात घालण्यावर बंधनं आणली आणि 2013 मध्ये ते पूर्ण बंद केलं. आमच्या कोपऱ्यांचं तर अर्धं पोट घोट्याच्या पकडीवर चालतं. त्यामुळे पाय शिकायला आखाडा आणि पडायला ज्युदो, अशी वाटणी झाली. ज्युदोसाठी एक प्रशिक्षिका मॅडम तयार झाल्या, कुस्तीसाठी महाल भागातल्या एका आखाड्याचे वस्ताद.

एक अट मी आधीच घातली: हे वरून टाकायचं नाही. आठवड्यातल्या दोन पहाटा, प्रत्येकी चाळीस मिनिटं, आणि तेवढाच आधीचा सर्किट व्यायाम व मैदानाच्या फेऱ्या कमी. कळमन्यात दिवसभर हमाली करणाऱ्या पोराला पहाटे आणखी तासभर कुस्ती दिली तर महिन्याभरात त्याची कंबर बोलायला लागेल. जुलै ते सप्टेंबर हा काळ ठरला. सामने नसतात, आणि पावसामुळे मैदानावरचा सराव तसाही अर्धा बुडतो.

पडायचं कसं

पहिले काही दिवस पोरांना हसूच येत होतं. एकाने मॅडमना विचारलंच, ‘मॅडम, पडाची प्रॅक्टिस काऊन करून राहिलो जी आपण? पाडाचं तर समोरच्याले आहे ना!’ मॅडमनी त्यालाच पुढे बोलावून उकिडवं बसवलं आणि खांद्याला हलकासा धक्का दिला. पोराचा तळवा मागे टेकला, कोपर ताठ. ‘हे मनगट गेलं तुझं,’ एवढंच त्या म्हणाल्या.

शिकवण्याचा क्रम ठरलेला होता. आधी पाठीवर झोपून हनुवटी छातीला लावायची आणि दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर, तळवे खाली करून मॅटवर आपटायचे. मग उकिडवं बसून मागे, मग कुशीवर, मग गुडघ्यावरून, मग उभ्याने, शेवटी चालता चालता खांद्यावरून कोलांटी. पुढच्या पायरीवर कधी जायचं, ते मॅडम डोळ्यांपेक्षा कानाने ठरवायच्या. नीट पडलेल्या अंगाचा आवाज एकच येतो, रुंद, ‘थाप’. चुकीच्या पडण्याचे दोन येतात: आधी ‘धप’, मागून बारीक ‘टक्’. तो ‘टक्’ डोक्याचा किंवा कोपराचा. मॅडम पाठ करून उभ्या असल्या तरी कुणाचं चुकलं ते नावानिशी सांगायच्या.

मागे पाडणारे डाव आम्ही पोरांना एकमेकांवर करूच दिले नाहीत. जपानमध्ये शाळकरी ज्युदोत नवख्यांच्या डोक्याला झालेल्या गंभीर दुखापतींच्या चर्चेत ओसोतो-गारी या डावाचं नाव पुन्हा पुन्हा आलं आहे. त्यात पाय मागून काढला जातो आणि नवख्याचं डोकं आधी आपटतं. आमच्या पोरांना ज्युदोका व्हायचं नव्हतं. ती जोखीम घेण्याचं काही कारण नव्हतं.

श्वासाचं मात्र सोपं गेलं. उकेमीत अंग टेकताना श्वास सोडायचा असतो, आणि नवखा नेमका तो रोखून धरतो. चढाईपटू ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत असतो, म्हणजे त्याचा श्वास आपोआपच बाहेर जात असतो. पकडणाऱ्यांना ते जमत नव्हतं, चढाईपटूंना पहिल्या दिवसापासून जमलं.

ऑगस्टच्या मध्यावर सराव सामने सुरू झाले आणि इथे खरी कुरबुर झाली. मुख्य चढाईपटू, ज्याचा खांदा निखळला होता तोच, आता अतिशय नीट पडत होता. हनुवटी आत, हात आत, कुशीवर. आणि दर दोन-तीन चढायांमागे मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे बाद होत होता. गुण समोरच्या संघाला. सरांचा पारा चढला. ‘हात आत घेऊन पडला तर रेषेला काय पाय लावेल? पॉइंट कोण आणेल?’

सरांचं बरोबर होतं, आणि या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ज्युदोत पडल्यावर त्या डावापुरती गोष्ट संपलेली असते. कबड्डीत चढाईपटू पडतो तेव्हा त्याचं खरं काम सुरू होतं. कमरेला मिठी आहे, मांडीला एक लटकला आहे, आणि बोट रेषेला टेकलं तर धरणारे सगळे बाद. ज्युदो सांगतो हात आवर, कबड्डी सांगते हात फेक. जो हात फेकायचा तोच खांद्याला सगळ्यात धोक्याच्या अवस्थेत नेतो: बाजूला उचललेला, बाहेर वळलेला, आणि त्यावर वरून वजन. खांदा पुढे निखळतो तो असाच.

मॅडम, सर आणि मी मैदानाच्या कडेला तर्री पोहे खात यावर बरंच भांडलो. तोडगा निघाला तो क्रमाचा. हात रोखायचा नाही, उशिरा सोडायचा. आधी मांडीची बाहेरची बाजू टेकेल, मग कुल्ला, मग बरगड्यांची बाजू. तोवर हनुवटी छातीला आणि रेषेकडचा हात कानाजवळ, कोपरात वाकलेला. कूस टेकली की मग तो हात तळवा खाली ठेवून मॅटला घासत पुढे सरकवायचा. वरून आपटायचा नाही. ‘आधी अंग, मग हात’ हे सरांनीच केलेलं घोषवाक्य.

त्यासाठी वेगळा सराव बांधला. मॅटवर चिकटपट्टीची रेषा. चढाईपटू गुडघ्यावर, मागून एकाने कमरेला धरलेला. धरणारा त्याला कुशीवर पाडतो, चढाईपटू त्या क्रमाने रेषा गाठतो. मग उभ्याने, मग दोन पकडणारे, मग चालत्या चढाईत. उंच पोरांचा यात फायदा होतोच. बुटक्यांनी दुसरी युक्ती काढली. कुशीवर पडल्यावर कुल्ल्यावर अर्धी गिरकी घेऊन हाताऐवजी पाय रेषेला लावायचा. ही कुणी शिकवली नव्हती. कॉलेजातल्या एका पोराने ती सरावात दोनदा केली आणि बाकीच्यांनी उचलली.

साखळीचा प्रश्न असाच अंगावर आला. साखळीतल्या पकडणाऱ्याचा एक हात शेजाऱ्याच्या हातात असतो. चढाईपटूला घेऊन दोघंही आडवे झाले, तर प्रत्येकाकडे जमिनीवर आपटायला एकच हात उरतो, तोही बहुतेकांचा दुबळा. मनगट मोडलेला कोपरा असाच पडला होता. त्यामुळे कुशीवरचं पडणं प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी, एक हात जोडीदाराने धरून ठेवलेला असताना करायला लावलं. कंटाळवाणं होतं. केलं.

आखाड्यातलं

आखाड्यात हिशोब उलटा होता. वस्तादांना पहिल्या दिवशी जोर-बैठका पाहिजे होत्या, पोरांना लगेच डाव. दोन गोष्टी मात्र तिथे अशा मिळाल्या, ज्या मॅटवर कुणी सांगितल्या नव्हत्या.

पहिली, डोकं कुठे ठेवायचं. आमचा डावा कोपरा घोट्याला झेपावताना नजर खाली टाकायचा. मग चढाईपटूने पाय झटकला की गुडघा थेट नाकावर. वस्ताद त्याच्यावर ओरडले, ‘डोकं कायले खाली घालून राहिला? गुडघे वाकव ना बाप्पा!’ कुस्तीत एकेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरताना, मान वर असते, पाठ सरळ, आणि डोकं समोरच्याच्या अंगाला चिकटलेलं. अंतर उरलं की फटका बसतो. कोपऱ्यासाठी याचा अर्थ असा की घोटा हाताने ओढून आणण्याऐवजी स्वतःच घोट्यापर्यंत जायचं, पाय छातीशी घट्ट बांधायचा आणि डोकं पिंढरीच्या बाहेरच्या बाजूला चिकटवायचं. चिकटलेल्या डोक्याला गुडघा मारायला चढाईपटूकडे जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट कंबर. मागून मिठी घालताना आमची पोरं हातांच्या ताकदीवर ओढत होती. वस्तादांनी एकेकाला उभं करून त्याचा कमरपट्टा चढाईपटूच्या कुल्ल्याखाली नेला. हात नुसते अडकलेले, उचलतात ते पाय. सत्तर किलोच्या पोराने ऐंशीच्या गड्याचे दोन्ही पाय जमिनीवरून सोडवले तेव्हा बाकीचे गप्प झाले. पाय सुटले की चढाईपटूची रेषेकडची ओढ तिथेच संपते.

चढाईपटूंना आखाड्याने दुहेरी पटाचा तोड दिला: मांड्यांना हात पडताच पाय मागे फेकून छाती पकडणाऱ्याच्या पाठीवर टाकायची. वस्तादांची एक गोष्ट मी घेतली नाही, डोक्यावर पूल करून मान फिरवणं. ज्यांची मान लहानपणापासून मातीत घडली त्यांचं ठीक आहे. विशीतल्या नवख्याच्या मानेला तो भार देण्याऐवजी जोडीदाराच्या तळव्याला कपाळाने न हलता रेटणं पुरतं. वस्तादांना ते आवडलं नाही, अजूनही आवडलेलं नाही.

उलटं काय झालं

ज्युदोत पकड म्हणजे बाही आणि कॉलर. दोन महिने ती धरली की बोटांना सवय लागते. सप्टेंबरच्या एका सराव सामन्यात आमच्या कव्हरने चढाईपटूची जर्सी मुठीत धरली. पंचांनी तांत्रिक गुण दिला, कारण कबड्डीत हातपाय आणि धड यांखेरीज काही धरायचं नाही, कपडा तर नाहीच. पायांची कैची हाही दोष, आणि आखाड्यातून आलेल्या एकाचे पाय आपोआप तिकडेच जायचे. त्यानंतर ज्युदोच्या जाकिटांशिवायच सराव घेतला. पडणं शिकायला जाकीट लागतच नाही.

जाकिटं तशीही बंद होणारच होती. ती उसनी आणलेली, आळीपाळीने घातलेली, पावसाळ्यात नीट न वाळलेली. पाच-सहा जणांना मांडीवर, काखेत, मानेवर नायटा उठला. दोघांनी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम आणून लावलं. चार दिवस खाज थांबली, मग तो दुप्पट पसरला. अशा क्रीमने नायटा दबल्यासारखा दिसतो पण आत वाढतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं तेव्हा कित्येक आठवड्यांचे उपचार लागले, आणि तेवढे दिवस त्यांना अंगाला अंग लागणाऱ्या सरावातून बाहेर बसवावं लागलं. ज्या संघाला हे करायचं असेल त्याने पहिला खर्च मॅट पुसायच्या जंतुनाशकावर करावा. प्रत्येकाचा स्वतःचा टॉवेल, सरावानंतर लगेच अंघोळ, नखं कापलेली. नखांचा नियम कबड्डीत आहेच, तो सरावालाही लावला.

एक जण सोडून गेला. आखाड्यात त्याला इतकी गोडी लागली की तो आता कुस्तीच करतो. सर अजून त्यावरून मला टोमणे मारतात.

हंगामात

सामन्यांच्या हंगामात खांदा, मनगट, कॉलरबोन यांपैकी कुणाचं काही गेलं नाही. हे श्रेय एकट्या उकेमीच्या नावावर मी लिहिणार नाही. एकच संघ, एकच हंगाम, आणि शिवाय यंदा मातीवरचे सामने कमी मिळाले. जे डोळ्यांनी दिसलं ते सांगतो. उपांत्यपूर्व सामन्यात मुख्य चढाईपटूला तिघांनी मध्यरेषेजवळ आडवं केलं. त्याचा हात कानाजवळ वाकलेला, कूस टेकली, आणि मग तळवा सरपटत रेषेवर गेला. तीन गुण आले. पुढच्याच चढाईत मात्र घाईत त्याने तोच हात आधी फेकला. दबावाखाली जुनी सवय उसळतेच. त्या वेळी नशिबाने वरचा पकडणारा बाजूला घसरला.

गुडघ्यांचं काहीही बदललं नाही. एका राखीव खेळाडूचा गुडघा वळताना मुरगळला आणि तो पूर्ण महिना बाहेर होता. ज्युदो-कुस्तीने धावता धावता दिशा बदलणं, एका पायावर उतरणं सुधारत नाही. त्यासाठी उडी मारून नीट उतरण्याचा, मांडीच्या मागच्या आणि आतल्या स्नायूंचा वेगळा सराव लागतो. सर्किट कापताना तो कापला जाणार नाही एवढं पाहावं लागलं.

पकडींबद्दल सर समाधानी आहेत, विशेषतः डाव्या कोपऱ्याबद्दल. डॅश (चढाईपटूला धक्क्याने मैदानाबाहेर काढणं) आणि ब्लॉक (त्याची परतीची वाट अडवणं) होते तसेच आहेत. वेळ साधणं, शेजाऱ्याकडे न बघता त्याच्याबरोबर निघणं हे आखाड्यात नाही शिकता येत, तिथे माणूस एकटा असतो.

हंगाम चालू असताना आखाडा पूर्ण बंद ठेवला होता. पडण्याचा सराव मात्र दर वेळी वॉर्मअपमध्ये दहा मिनिटं चालू राहिला. पुढच्या जुलैसाठी ठरलं आहे ते असं: नवीन आलेल्यांना आधी महिनाभर फक्त मॅडमकडे, रेषेचा सराव पहिल्या आठवड्यापासूनच उकेमीला जोडून, जाकिटं नाहीत, आणि आखाड्यात फक्त कोपरे व कव्हर जाणार. चढाईपटूंनाही पाठवा असा वस्तादांचा निरोप आला आहे. सर आणि मी त्यावर अजून एकमत झालेलो नाही.